गाडीतलं बिऱ्हाड

माय, तुला वाचता येत नव्हतं ते एका परीनं बरंच झालं. आश्रमशाळेच्या शेवटच्या वर्षी आणि पुढं वसतिगृहातून मी पत्रं धाडायचो ती तू शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घ्यायचीस. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि ओट्यावर बसलेल्या चार बाया ऐकायच्या. त्यामुळं पत्रात खरं काही लिहायची मला सवयच लागली नाही. अभ्यास चांगला चालू आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नये. आज लिहितोय ते त्या चार बायांपुढं वाचण्यासारखं नाही. त्यांच्यापुढं तू स्वतःचं घर असलेली बाई म्हणून मान ताठ करून बसायचीस, आणि हे त्यांना कळू नये असं तुला शेवटपर्यंत वाटत होतं. परवा घरी पाहुणे आले होते. भिंतीवरचा तुझा फोटो पाहून त्यांनी एक साधी गोष्ट विचारली आणि मी नेहमीचंच उत्तर दिलं. पाहुणे गेले, पण मला काही बसवेना. म्हणून कागद घेतला.

घरापासूनच सुरुवात करतो, कारण तुझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू व्हायचं. बापूंनी मेंढरं विकली आणि आखाडा बाळापूरजवळच्या आपल्या गावात, अगदी कडेला, दोन खोल्या बांधल्या. विटांच्या भिंती, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, तीही पुढच्याच खोलीत. तेव्हा मी दहावीला होतो. दार बसवलं त्या दिवशी बापूंनी नवं कुलूप लावून ते दोनतीनदा ओढून पाहिलं आणि किल्ली तुझ्या हातात दिली. "आता आपल्याला कुणी उठवणार न्हाई," एवढंच म्हणाले. तू किल्ली पदराच्या गाठीत बांधलीस आणि मग ती गाठ काही सुटली नाही. समोरच्या हापशावर पाण्याला गेलीस तरी कुलूप लावून जायचीस. बाया चिडवायच्या, "काहून गं, आत सोनं ठिवलंय काय?" तू म्हणायचीस, "सोनं न्हाई, पर दार हाय ना!" दार आहे म्हणून कुलूप लावायचं, इतकं सरळ होतं ते. मला तेव्हा तुझं हसू यायचं. बापू गेल्यावर मी म्हणालो, माय, आता माझ्याकडं चल, तर म्हणालीस, "घर सोडून कुठं यिऊ?" त्यावर मी वाद घातला नाही, पण म्हातारपणी माणूस हट्टी होतं असं मनाशी म्हटलं. तू तेव्हा म्हातारी नव्हतीससुद्धा.

"उठवणं" म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दिवाळी झाली की आपलं बिऱ्हाड निघायचं. घोडीच्या पाठीवर पातेली, घोंगडी, मेंढरं कोंडायची जाळी आणि डालग्यात कोंबड्या. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, त्याच्या शेताला खत व्हायचं, तो ज्वारी द्यायचा, आणि मग पुढचं रान. पण जिथं आपल्याला कुणी बोलावलेलं नसायचं तिथंही मुक्काम पडायचाच. ओढ्याकाठी, सडकेच्या कडेला, जंगलाच्या तोंडाशी. अशा जागी उजाडताना कुणीतरी यायचं. कधी शेतमालक, कधी गावचा कुणी, कधी जंगलाचा माणूस. येणारा निरनिराळा असे, शब्द तोच: उठा. एक सकाळ मला अजून दिसते. मी सहासात वर्षांचा आहे, हिवाळा आहे, चूल नुकती पेटली आहे आणि तू पीठ मळते आहेस. एक माणूस काठी आपटत येतो. बापू पायातलं काढून त्याच्यापुढं हात जोडून उभे राहतात. तू मळलेलं पीठ फडक्यात गुंडाळतेस, फडकं पाठीला बांधतेस, चुलीवर माती लोटतेस, आणि आपण चालायला लागतो. त्या पिठाच्या भाकरी तू दुपारी दुसऱ्याच रानात भाजल्यास. त्या जरा आंबूस लागल्या आणि मला फार आवडल्या. मी पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट गंमत म्हणून सांगत आलो.

मला ती गंमतच वाटायची, कारण मी लवकरच आश्रमशाळेत गेलो. बिऱ्हाडावर यायचो तो सुट्टीपुरता. पोरगं आलंय म्हणून तू गूळ काढायचीस, घोडीवर बसवायचीस, उबेला कोकरू कुशीत द्यायचीस. दहापंधरा दिवस चांदण्याखाली झोपायचं आणि मग परत शाळेच्या छपराखाली. मी तेव्हाही पर्यटकच होतो, माय. पुढं कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो, तर या भांडवलावर माझं फार चालायला लागलं. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचं, सर, तुमच्या लहानपणीचं सांगा ना, आणि मी सुरू व्हायचो. घोडी, कोकरं, तीन दगडांची चूल, वाऱ्याची दिशा पाहून टाकलेला मुक्काम. काठीवाला माणूस मी बहुतेक वेळा गाळायचो. तुझं अर्धं आयुष्य मी चहाबरोबर बिस्किटासारखं वाटत होतो, आणि लोक वा वा म्हणत होते.

त्यांतच एक मित्र होता. मोठ्या शहरातून आलेला, आमच्याच कॉलेजात शिकवणारा, स्वभावानं सोन्यासारखा. त्याला पक्ष्यांचं आणि फोटोंचं वेड. त्यानं एक जुनी व्हॅन घेतली होती. तिची मागची सीट काढून फळ्या टाकल्या होत्या, वर गादी, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात छोटी शेगडी. हिवाळ्यात तो अभयारण्यं हिंडायचा आणि रात्री त्या गाडीतच झोपायचा. त्या डिसेंबरात त्याचा बेत सातपुड्यातल्या राष्ट्रीय उद्यानाचा होता. मला चल म्हणाला. मी म्हणालो, माझ्या आईलाही नेऊ. त्यानं विचारलं, "आईंना थंडीत गाडीत जमेल का रे?" मी छाती काढून म्हणालो, "अरे, तिचा जन्मच असा गेलाय. तीच आपल्याला शिकवेल." हे बोलताना मला तुझा किती अभिमान वाटत होता, काय सांगू! तुझं हरवलेलं काहीतरी मी तुला परत देणार होतो. आमच्यासारख्या शिकलेल्या पोरांच्या वाट्याला नेमकी हीच चूक राखून ठेवलेली होती, असं आता वाटतं.

तू मात्र मागितलं होतंस ते वेगळंच. बापूंच्या वर्षश्राद्धानंतर एकदा म्हणाली होतीस, "मला एकडाव अशा गावाला ने बाबा, जिथं पायी हिंडावं लागत न्हाई." ते माझ्या ध्यानात होतं, म्हणून तर गाडीचा बेत मला इतका पटला. मी घरी येऊन सांगितलं, जंगल बघायला जाऊ, दोन दिवस राहू. तू विचारलंस, "ऱ्हायला काय हाय तिकडं?" मी म्हणालो, "मस्त सोय आहे." एवढाच शब्द मी वापरला, सोय. त्याची खोली तू मनाशी केलीस. खोलीत पलंग टाकलास आणि नळाला गरम पाणी आणलंस. निघायच्या दिवशी तुझी पिशवी पाहिली तर वर नवी साबणदाणी, तिच्यात नवा साबण, धुतलेला टॉवेल, घडीची चादर आणि ते हिरवं लुगडं जे लग्नाकार्यालाच निघायचं. मला वाटलं, हौस आहे बाईला. ही हौस कशाची आहे, असं विचारायला हवं होतं.

दाराला कुलूप लावून तू ते ओढून पाहिलंस, आणि गाडीत बसायच्या आधी ओट्यावरच्या बायांपाशी थांबलीस. "पोरगं फिरायला निऊन राहिलंय," म्हणालीस, "खोली केलीय तिकडं." मी ऐकलं आणि हसलो. कळमनुरी गेलं, हिंगोली आलं, तुझ्या आग्रहाखातर थोडी वाकडी वाट करून नरसीला नामदेवाच्या पाया पडून आलो. तिथं नारळवाल्या बाईलाही तू तेच सांगितलंस, आणि ती म्हणाली, "नशीबवान हाव बाई." तू पदर सारखा केलास. मित्र पुढं गाडी चालवत होता, गाणी लावत होता, मधूनच "आई, बरं वाटतंय ना?" विचारत होता. वाशिमच्या पुढं तुला झोप लागली. तोंड किंचित उघडं, डोकं काचेला टेकलेलं. तुला गाडीत बसून झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पोचलो तेव्हा सांज होत होती. उद्यानाच्या फाटकाच्या अलीकडं ओढ्याकाठी मोकळी जागा होती, तिथं मित्रानं गाडी लावली. तू खाली उतरलीस, लुगडं झटकलंस, पिशवी हातात घेतलीस आणि इकडंतिकडं पाहत विचारलंस, "खोली कुठं हाय?" मी गाडीच्या दारावर थाप मारून म्हणालो, "हीच आपली खोली!" तू हसलीस. थट्टा करतोय असं वाटलं तुला. मित्र फळीवर गादी पसरायला लागला तेव्हा हसू थांबलं. "बरं," म्हणालीस, आणि पिशवी परत गाडीत ठेवलीस.

मग थोडा वेळ तू उभीच राहिलीस. त्यानंतर तुझे हात आपोआप कामाला लागले. वारा कुठून येतो ते पाहिलंस, तीन दगड आणलेस, काटक्या मोडल्यास. मित्राची शेगडी तशीच राहिली. मी त्याला कोपरानं ढोसून म्हणालो, "बघ, बघ." तो म्हणाला, "आई रमल्या की!" जेवताना तू विचारलंस, "ही जागा कुणाची हाय?" मी म्हणालो, सरकारची. "कुणाला इचारलंय का?" "यात काय विचारायचं, माय? सगळेच थांबतात." आम्ही तुला मधली, सगळ्यांत उबदार जागा दिली. घोंगडं नाकापर्यंत ओढून मी जो झोपलो तो सकाळीच उठलो. खोटं कशाला सांगू, त्या वर्षातली सगळ्यांत गाढ झोप मला त्या रात्री लागली.

डोळे उघडले तर बाहेर धुकं, आणि तू गाडीत नव्हतीस. उतरून पाहिलं तर सगळं आवरलेलं. भांडी घासून पिशवीत भरलेली, तिन्ही दगड तीन दिशांना टाकलेले, राख मातीखाली गेलेली, वरून पाला पसरलेला. रात्री इथं कुणी जेवलं-झोपलं असेल असं सांगूनही पटलं नसतं. तू हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसली होतीस. मित्र डोळे चोळत आला आणि थक्कच झाला. "याला म्हणतात जंगलात राहणं! मागं एक खूणसुद्धा ठेवली नाही. आईंकडून शिकावं." मीही मान डोलावली. भूगोलाचा माणूस ना मी! खूण का ठेवायची नसते, ते तुझ्याकडं पाहूनही मला कळलं नाही.

तेवढ्यात फाटकाकडून मोटारसायकल आली. जंगलाचा गार्ड होता. तरुण पोरगा, कानाला मफलर, खाकी स्वेटर. त्यानं गाडी उभी केली आणि विचारलं, "रात्री इथंच होता का? इथं मुक्काम करता येत न्हाई." आवाज काही चढा नव्हता. पण तू उठलीस. आधी पायातल्या चपला काढल्यास, दवानं भिजलेल्या गवतावर अनवाणी पुढं गेलीस आणि हात जोडलेस.

"उठलोच हाव सायेब. समदं आवरलंय. मेंढरं न्हाईत आमच्यापाशी. एक बी न्हाई. बघा पायजे तर."

गार्डला काही कळेना. तो गाडीकडं पाहत होता, तुझ्याकडं पाहत होता. तू घाईघाईनं पदराची गाठ सोडलीस. थंडीनं बोटं वळत नव्हती, गाठ सुटेना, तर दातांनी सोडलीस.

"घर हाय आमाला, सायेब. ही बघा किल्ली. बाळापूरपाशी हाय. पक्कं हाय, इटाचं. आमी तसले न्हाई आता."

किल्ली तुझ्या तळहातावर होती आणि तो हात तू त्याच्यापुढं धरला होतास. मी तिथं दोन हातांवर उभा होतो, माय. मी तुझा हात धरून खाली घ्यायला हवा होता. चपला आणून तुझ्या पायाशी ठेवायला हव्या होत्या. मी काय केलं? मी जर्किनची चेन वर ओढली, पुढं झालो आणि मित्राकडं बोट दाखवून म्हणालो, "सर, आम्ही दोघं प्राध्यापक आहोत."

आम्ही दोघं. उभे तिघं होतो.

गार्डनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्याशी एक शब्द न बोलता तुला म्हणाला, "मावशे, चपला घाल आधी. दव हाय. कुणी काही म्हणत न्हाई तुला. गाडी आत पार्किंगला लावा म्हणाया आलतो." आणि तो निघून गेला. तू चपला घातल्यास. मित्र बिचारा गोंधळला होता, वेळ सावरायची म्हणून तो म्हणाला, "आई, धुकं छान आहे, एक फोटो काढू. जरा गाडीपाशी उभ्या राहा." कुणीतरी उभं राहा म्हणालं, म्हणून तू उभी राहिलीस.

नंतर जीपमधून जंगल पाहिलं. वाघ नाही दिसला. सांबरं दिसली, रानगवे दिसले, चितळांचा कळप पाहून तू म्हणालीस, "ह्याच्याहून आपली मेंढरं अंगानं बरी व्हती." मित्र खूप हसला आणि मला वाटलं, चला, विसरली. दुसरा मुक्काम तू नको म्हणालीस. कारण विचारलं तर, "कुलूप लावून आलेय," एवढंच.

परतीच्या वाटेवर, वाशिम मागं पडल्यावर, मी तुला समजावायला लागलो. होय, मी तुला समजावलं. म्हणालो, माय, यात लाजण्यासारखं काय आहे? मोठमोठे लोक हौसेनं असे राहतात. तू खिडकीबाहेर तुरीची रानं पाहत होतीस. तिकडंच पाहत म्हणालीस, "त्याह्यला म्हाईत असतं ना बाबा, परवा घरी जायाचंय."

"तुलाही माहीत होतं की."

"व्हय. पर अंधारात काही आठवंना. रातभर किल्ली चाचपून राहिले."

मित्रानं गाणं बंद केलं.

घरी आल्यावर तू आधी कुलूप उघडलंस, आत गेलीस आणि मागच्या न्हाणीत बराच वेळ पाण्याचा आवाज आला. मी तोंड धुवायला गेलो तर तू पाटावर बसून नवा साबण घासत होतीस. अंगाला नाही, नुसता हातावर. झिजेपर्यंत. मला पाहून हात थांबले आणि मी तांब्या घेऊन माघारी फिरलो. संध्याकाळी बाया जमल्या. तू पिशवी त्यांच्यासमोर सोडलीस, झिजलेल्या साबणाची साबणदाणी फरशीवर ठेवलीस. पलंग कसा होता, गरम पाणी कसं भसाभसा यायचं, हे सांगत होतीस. मास्तरीणबाईंनी मला विचारलं, "काय रे, खोली चांगली होती का?" तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हणालो, "एकदम मस्त होती, काकू." माझ्या हातून तुझ्यासाठी त्या सहलीत घडलेलं चांगलं काम एवढंच.

पुढं दोनच हिवाळे तू काढलेस. दवाखान्यात शेवटी किल्ली तुझ्या गाठीतून मीच सोडली. गाठ माझ्याच्यानंही सहज सुटली नाही. ते घर मी विकलं नाही, भाड्यानंही दिलं नाही. कुलूप आहे तसं आहे. वर्षातून एकदा जातो, ओढून पाहतो, परत येतो. आत जात नाही. मोठा झाल्यापासून मला कुणी उठवलेलं नाही, आणि मला ज्या घरात राहता आलं असतं त्याच्या दारातून मी आपण होऊन उठून येतो.

मित्रानं तो फोटो मोठा करून दिला होता. माझ्या आताच्या घरात, पुढच्या खोलीत आहे. धुकं, पांढरी व्हॅन, हिरवं लुगडं, आणि तू कॅमेऱ्याकडं सरळ पाहणारी. फार सुंदर आलाय, येणारा प्रत्येकजण तसं म्हणतो, आणि मग कुणी विचारायच्या आधीच मी सुरू होतो: आमची आई, बिऱ्हाडावर वाढलेली, जंगलात गेली की अशी खुलायची. लोकांना ते आवडतं. परवाचे पाहुणे मात्र जवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, डावा हात मोकळा आहे, मग उजव्या हाताची मूठ एवढी का आवळलीय? काही आहे का मुठीत?

हे मला याआधीही दोघातिघांनी विचारलं आहे. प्रत्येक वेळी वाटतं, सांगून टाकावं.

"काही नाही," मी म्हणालो. "थंडी फार होती त्या दिवशी."

"असणारच, डिसेंबरात तिकडं," ते म्हणाले, आणि मी त्यांना चहा घ्या म्हणालो.